धैवत एक पायरी खाली

गार्डेनात दर गुरुवारी साडेदहाला
मी ग्लेन ओकिमुरांची डावी मूठ उघडते.
एकेक बोट करत. अंगठा शेवटी,
तो हट्टी आहे.
विमा कंपनी पंचेचाळीस मिनिटं देते,
त्यातली दहा त्यांनी कॅसेटसाठी राखून ठेवलीत,
मला न विचारता.

"रेकॉर्ड निघायच्या आधीची ही,"
शब्द उजव्या गालातून सांडतात,
"आम्हाला कुणी इस्त्री करायच्या आधीची."

आधी नुसती खरखर.
मग कुणीतरी खुर्ची ओढतं. कुणी शिंकतं.
चौऱ्याहत्तर साल, बौद्ध मंदिराचं तळघर,
भिंतीशी भाताची मोठाली पातेली,
वरच्या मजल्यावर बायकांचा पुष्परचनेचा वर्ग,
म्हणून ड्रमवर टॉवेल अंथरलेला.
तरी तो पोरगा वाजवतो असा,
जणू टॉवेलशीच भांडण आहे.
इलेक्ट्रिक पियानो ओल्या काचेसारखा,
बासरी बांबूची, सुरापेक्षा फुंकर जास्त,
आणि या सगळ्यांच्या खालून
बेस. तेव्हाचे ग्लेन. चोवीस वर्षांचे, जरा घाईत.

मग लोरेनची कोतो येते.
तेरा तारा, तेरा घोड्या,
युद्धाची वर्षं एका मेक्सिकन शेजाऱ्याच्या गॅरेजात
रंगाच्या डब्यांमागे उभी राहिलेली, तिच्या आईची.
आई वाळवंटातल्या छावणीत,
कोतो अंधारात.
हे ग्लेननी एकदाच सांगितलं,
मी त्यांचं मनगट फिरवत असताना,
आणि लगेच विचारलं, उद्या ऊन आहे का.

मी कान देते. सा, रे, कोमल गंधार, पंचम.
ओळखीची वाट. शिवरंजनी, मी मनात म्हणते,
मिरजेच्या क्लासात मार खाऊन शिकलेली.
आणि नेमका तिथेच
धैवत एक पायरी खाली उतरतो.
दार आपलंच समजून किल्ली लावावी
आणि आतून दुसऱ्याच घराचा वास यावा,
कसला तरी माशाचा, धुपाचा, भिजलेल्या गवती चटईचा,
आणि तरी माघारी फिरावंसं वाटू नये.
सतरा वर्षं झाली मला या देशात.
मी कुणाला सांगितलं नव्हतं
की मीही इथे जरा उतरलेलीच लागते.

"आता ऐक," ग्लेन म्हणतात.
ऐन भरात कोतोची एक घोडी सरकते.
स्पष्ट कळतं. तार ढिली पडते, सूर घसरतो,
लोरेन काहीतरी पुटपुटते, बहुधा शिवी.
आणि बेस, क्षणभरही न थांबता,
तिच्यामागून खाली जातो.
पियानो बुचकळतो, मग तोही.
आता सगळा बँड त्या चुकीच्या सुरावर उभा,
जणू तिथेच यायचं ठरलं होतं.
समेवर कुणीतरी हसतं. मोठ्यानं, नाकातून.

"रेकॉर्डवर हे नाही," ते सांगतात.
"तिथे कोतो अगदी बरोबर आहे
आणि इतकी हळू, की शोधावी लागते.
निर्माता म्हणायचा, रेडिओला चिमूटभर जपान पुरे."
लोरेन आता कुठे असते, हे मी विचारत नाही.
फडताळावर तिचा फोटो नाही.
कॅसेटच्या वेष्टनावर मात्र अक्षर बाईचं आहे,
निळ्या शाईचं: ग्लेन, परत कर.

घड्याळात अकरा तेरा.
चेंडू दाबायचा राहिला, चिमटेही.
त्यांचा डावा हात चादरीवर पालथा पडलेला,
एकेकाळी सूर शोधणारा हात.
मी त्याच्याकडे बघत राहते, टेपबरोबर
एखादं बोट हलेल अशा लबाड आशेनं.
हलत नाही.

उजवा हलतो. रिवाइंडच्या बटणाकडे.

अहवालात मी लिहिते:
पकड, फरक नाही. रुग्ण सहकार्य करतो.
गाडीत बसल्यावर चावी फिरवायच्या आधी
एकदा गुणगुणून बघते.
धैवत शुद्धच लागतो पुन्हा पुन्हा.
समोरच्या अंगणात माळी पाइनची एकेक सुई खुडतोय,
त्याला घाई नाही.
मी परत सा धरते.